विहिरीतली सोनेरी शीर

१

"एक पाऊल खाली टाकलंत तर कोयता घालीन!"

राजेश्वरी विहिरीच्या तोंडाशी आडवी उभी होती आणि कोयता खरोखरच तिच्या हातात होता. डॉ. इंदिरा मोघेंनी कपाळावरचा घाम पुसला. उन्हाळ्याचा कडाका, पायाखाली तापलेला खडकाळ माळ, आणि वर हे स्वागत!

"घाल की," त्या म्हणाल्या. "पण आधी दगड बघू दे. मेल्यावर मला काय दिसणार, कपाळ?"

राजेश्वरी गडबडली. तेवढ्यात इंदिराबाई तिच्या बगलेतून उतारावर पोचल्यासुद्धा. बाई सत्तरीला टेकलेल्या होत्या. सारी नोकरी कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणींत झालेली. आता लोणावळ्याला एकट्या राहायच्या आणि माणसांपेक्षा दगडांशी त्यांचं जास्त पटायचं. दगड निदान खोटं बोलत नाहीत, असं त्या येईल त्याला ऐकवायच्या, आणि मग माणसंही फारशी येईनाशी झाली होती.

त्यांना इथे आणलं होतं सत्यमनं. तो परंदवडीजवळच्या कारखान्यात सुपरवायझर होता आणि आंदर मावळातल्या या करंजदऱ्याच्या कोंडाजी आबांचा मुलगा. राजेश्वरी त्याची चुलत वहिनी, कोंडाजींच्या धाकट्या भावाची विधवा सून. तिच्या माळावर विहीर खणताना पांढऱ्या दगडात सोनं चमकलं, आणि तेव्हापासून गावाची झोप उडाली होती.

खाली काळ्याकुट्ट कातळात नारळ मावेल एवढी पोकळी होती. मावळच्या कातळात अशा पोकळ्या पुष्कळ. आतून सगळीकडे सुयांसारखे नाजूक पांढरे स्फटिक उगवलेले. त्यांच्यामध्ये मुठीएवढी गारगोटी बसली होती आणि तिच्यातून पिवळीधमक शीर नागमोडी गेली होती. इंदिराबाईंनी भिंग लावलं. सोनं! अगदी अस्सल!

मग त्यांनी भिंग जरा खाली नेलं, आणि तोंड वाकडं केलं.

"सोनं खरं आहे," त्या उठत म्हणाल्या. सत्यमचा चेहरा फुलला. "पण हे इथलं नाही. दगडाखालच्या सुया बघ, पार चुरडल्यात. निसर्गात जे शेवटी येतं ते आधीच्याच्या अंगावर वाढतं, त्याला चिरडत नाही. हा दगड कुणीतरी बाहेरून आणून इथे दाबून बसवलाय."

वर काठावर खणकन आवाज झाला. राजेश्वरीच्या हातातला कोयता खडकावर पडला होता.

२

"फशिवलं! त्या रांडेनं मला फशिवलं!"

कोंडाजी आबांचा आवाज ओसरीवरून थेट वाडीच्या वेशीपर्यंत गेला. गडी सत्तरीचा, पण खांदे अजून बैलासारखे. इंदिराबाईंना त्यांनी बसा म्हटलं नव्हतं. पाण्याचा तांब्या आणला तो त्यांच्या बायकोनं, बयाबाईंनी. तो ठेवून त्या खाली मान घालून आत गेल्या.

भानगड अशी होती. कोंडाजी आणि रखमाजी हे दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा रखमाजी दूर गावी पोट भरत होता. कोंडाजींनी नदीकाठचं भाताचं खाचर आपल्याकडे ठेवलं आणि भावाच्या पदरात हा माळ टाकला, जिथे कुसळसुद्धा धड उगवत नाही. रखमाजी गेला, त्याचा मुलगा गेला, आणि राजेश्वरी त्या माळावर नाचणी पेरून दिवस काढत राहिली. आता विहिरीत सोनं निघाल्याबरोबर कोंडाजींना एकाएकी सुनेची दया आली. माळ मला दे, खाचर तू घे! सगळी भावकी तिच्या दारात नेऊन बसवली, तिला हो म्हणायला लावलं, आणि भैरवनाथाच्या देवळात दोघांनी बेलभंडार उचलला. परवा वडगावला दस्त व्हायचा होता.

"शपथ कशी घेतली होतीत?" इंदिराबाईंनी विचारलं.

"माळात सोनं निघो न्हाईतर माती, माळ माजा आन खाचर तिचं. ह्यातनं जो फिरंल त्येला नाथ बगून घील."

"शब्द कुणाचे?"

"माजेच. उद्या खानभर सोनं लागलं तर रडत माघारी याया नगं तिनं!" मग त्यांच्या ध्यानात आलं की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलाय. "पर आता ती शपत मोडली! तिनं कपट केलं. परवा नाथाम्होरं उघडी पाडतो तिला, आन तितनंच पोलिसात देतो. वाडीत ऱ्हाऊ द्याचं न्हाई!"

"आबा, जमिनीखालचं सोनं सरकारचं असतं. निघालं असतं तरी तुम्हाला काय मिळणार होतं?"

"तुमी नगा शिकवू! दगड बगाया आलाय, दगड बगा!"

"बघणारच आहे. कुणी ठेवला तेही परवा देवळात सांगते. तोवर त्या पोरीच्या अंगाला कुणी हात लावायचा नाही." इंदिराबाईंनी आवाज चढवला तेव्हा सत्यम दचकला. त्यांना कोंडाजींचा राग आला होता, आणि राग आला की बाई कुणाच्या बापाला ऐकत नसत.

विहिरीचं काम प्रदीपकडे होतं. तो यंत्राच्या सावलीत तंबाखू मळत होता. "म्या कशाला ठेवू? सोनं निघाल्यापासनं काम बंद हाय माजं. मानसं बसून हायत."

"सोनं दिसायच्या आदल्या दिवशी खाली कोण उतरलं होतं?"

"कुनी न्हाई. कातळ लागला की आमी हत्यार खाली ठेवतो. पूजा झाल्याबिगर सुरुंगाची भोकं पाडत न्हाई. थोरल्या घरच्या सवाष्णीनं कातळाची वटी भरायची, मंग पानी लागतं. बायकांचं काम ते, आमी वर विड्या वढत व्हतो. दुसऱ्या दिशी उतरलो तर चकाकलं."

राजेश्वरी गोठ्यात होती. तिनं मान वर केली नाही.

"कोयता का पडला तुझ्या हातातून?"

"पडला."

"दगड तू ठेवलास?"

तेव्हा ती उसळली. "ठिवला आसता तर बरं झालं आसतं! खाचर मागाया गेलती का मी? त्येच आलं सगळे दारात. मला माळ द्याचाच नव्हता, बाई. वाटलं, इतकी वरसं ऊर फोडून घेतला, शेवटी ह्या माळानं मला कायतरी दिलं. तुमी ते बी काढून घेतलं. आता जावा हितनं!"

विहिरीतली गारगोटी पिशवीत घालून इंदिराबाई निघाल्या. वळणावर कुणीतरी गाडीच्या काचेवर धोंडा मारला.

३

लोणावळ्याच्या घरात इंदिराबाईंच्या जेवणाच्या टेबलावर जेवण कधी नसायचं. तिथे सूक्ष्मदर्शक होता. दगडाची एक कपची त्यांनी काचेसारखी पातळ घासली आणि डोळा लावला.

गारगोटी वाढताना ज्या पाण्यात वाढते त्याचे बारीक थेंब पोटात कोंडून ठेवते. कोट्यवधी वर्षं ते थेंब तसेच राहतात. या थेंबांत बुडबुडा होता, आणि त्या बुडबुड्याच्या आत आणखी एक बुडबुडा. इंदिराबाईंनी काचेवर तोंडाची गरम वाफ सोडली. आतला बुडबुडा थरथरला आणि नाहीसा झाला. कपची निवली तसा परत आला. कोंडलेला कार्बन डायऑक्साइड! मावळच्या पोकळ्यांत मुरलेल्या पाण्यात हे असलं काही नसतं. हे पाणी खोल जमिनीत, प्रचंड दाबाखाली, कुकरमधल्यासारखं तापलेलं. असलं पाणी सोनं घेऊन भेगांतून वर चढतं, दाब सुटला की गारगोटी आणि सोनं सोडून देतं. कर्नाटकातल्या खाणींत त्यांनी उभा जन्म हेच थेंब पाहिले होते.

म्हणजे दगड तिकडचा. पण इकडे आला कसा?

त्यांनी दगड पुन्हा हातात घेतला. अशा शिरांमध्ये अगदी शेवटी, पाणी निवत आलं की कॅल्साइट बसतो. दगडाच्या मागच्या बाजूला तो होता, टवटवीत. पुढच्या बाजूला, जिथे सोनं चमकत होतं, तिथे मात्र त्याच्या जागी नुसते खळगे होते. कशानं तरी खाऊन टाकला होता. कॅल्साइटला आंबट सोसत नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं.

सगळ्यात खोल खळग्यात त्यांनी सुई घातली. सुईच्या टोकाला आधी तपकिरी चोथ्याचा एक धागा आला. मग तेलकट, शेंदरी कण. एकावर एक बसलेली जुनी पुटं.

चिंच आणि शेंदूर! सोनं घासून चकचकीत करायला तेजाब नव्हे, चिंच. पितळेचे देव सणासुदीला घासतात तशी. घासणाऱ्या हातांना दुसरं काही सुचलंच नव्हतं.

इंदिराबाई खुर्चीत मागे टेकल्या. हा दगड कर्नाटकातून थेट विहिरीत गेला नव्हता. मध्ये कितीतरी वर्षं तो कुणाच्या तरी देव्हाऱ्यात देव होऊन बसला होता.

४

दुसऱ्या दिवशी इंदिराबाई परत करंजदऱ्याला आल्या. राजेश्वरीच्या घरात देव्हाराच नव्हता. भिंतीवर एक कॅलेंडर, त्यावर गणपती.

"देव कुठेत तुझे?"

"देव थोरल्या घरी ऱ्हात्यात," ती तुटकपणे म्हणाली. "वाटनी झाली तरी देवांची वाटनी न्हाई होत. पयलं सणाला जायचो आमी. सासरं गेल्यापास्नं थोरलं मामंजी उंबऱ्याला पाय लावू देत न्हाईत. आनि काय इचारायचंय?"

"काही नाही," इंदिराबाई म्हणाल्या.

कोंडाजी आणि सत्यम शेतावर गेलेले पाहून त्या थोरल्या घरी गेल्या. बयाबाई चुलीपाशी होत्या. काही न विचारता त्यांनी चहाचं आधण ठेवलं. माजघरातल्या देव्हाऱ्यात पितळी टाक लखलखत होते. बाजूला वाटीत चिंचेचा कोळ. मधोमध कुळाचा तांदळा, म्हणजे न घडवलेला देवाचा धोंडा, शेंदूर फासून चांदीचे डोळे लावलेला.

इंदिराबाई खाली वाकल्या. शेजारच्या म्हसोबाच्या अंगावर शेंदराचं बोटभर जाड कवच होतं. पिढ्यानपिढ्यांचं. या तांदळ्याच्या अंगावर मात्र एकच पातळ हात, तोही ताजा. डोळे जुने, पण एक किंचित तिरका बसलेला. आणि पातळ शेंदरातून खालच्या काळ्या दगडाचे बारीक खळगे दिसत होते, आत पांढऱ्या सुया. असाच दगड त्यांनी कालच पाहिला होता. विहिरीत.

"तांदळा बदललात तुम्ही," त्या हळूच म्हणाल्या.

बयाबाईंनी चहा गाळला. "तुमी लई बारीक बगता, बाई."

"का केलंत?"

"भाऊजींनी आनला व्हता त्यो. खानीत व्हते ते. म्हनले, वैनी, ह्येला देव म्हनून ठेव, दादाला कळलं तर इकून खाईल. माज्या पोराला गरज पडंल तवा काढ. म्या शेंदूर फासला. त्येंचं पोरगं आजारी पडलं, तवा म्या पुन्यात लेकीच्या बाळंतपनाला. आले तवा त्येचं सगळं उरकलं व्हतं." त्या थांबल्या. "धोंडा देव्हाऱ्यातच व्हता, आन पोरगं मेलं. मला झोप न्हाई येत, बाई."

"तो दगड तुम्ही राजेश्वरीलाच द्यायचात."

"तिच्याकडं ऱ्हायला आसता व्हय? ह्यांनी चोरीचा आळ घेऊन काढून घेतला आसता. ह्यांच्या हातनं खाचर सुटायचं, तर ह्यांच्याच हावेपायी." बयाबाईंनी कप पुढे सरकवला. "आता तुमी सांगनार म्हना की."

"मला खोटं बोलता येत नाही, बयाबाई."

"म्या बोला म्हनले का?"

चहा तसाच राहिला. बाहेर कोंडाजींचं खाकरणं ऐकू आलं.

५

वडगावला दस्ताला जायच्या आधी सगळी भावकी भैरवनाथाच्या देवळात जमली. पुरुष मंडपात, बायका पायऱ्यांवर. राजेश्वरी खांबाला टेकून उभी होती, चेहरा दगडासारखा. कोंडाजींनी पोलीस पाटलालाही बोलावून ठेवलं होतं.

इंदिराबाईंनी दगड नाथासमोर ठेवला. "सोनं खरं. पण मावळच्या कातळातलं नाही. याच्या पोटातलं पाणी सांगतं की हा कर्नाटकातल्या खाणीतला आहे."

कोंडाजी ताडकन उठले. "खानीतला? आरं, खानीत कोन व्हतं? रखमाजी! हिचा सासरा! झालं का न्हाई उघड? पाटील, घ्या तिला ताब्यात!"

गलका झाला. दोघीतिघी बायका राजेश्वरीच्या अंगावर धावून गेल्या, एकीनं तिचा दंड धरला. ती हलली नाही.

"हात काढ आधी!" इंदिराबाई गरजल्या. "माझं संपलेलं नाही. दगड रखमाजींनीच आणला. पण त्याच्या खळग्यांत शेंदराची जुनी पुटं आहेत आणि चिंचेचा चोथा आहे. म्हणजे तो आजवर देव्हाऱ्यात होता, तांदळा म्हणून. आता मला सांगा, या कुळाचे देव कुणाच्या घरी असतात?"

माना कोंडाजींकडे वळल्या. सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

"या पोरीला त्या घराचा उंबरा बंद आहे. बंद कुणी केला, आबा?"

कोंडाजींचा चेहरा काळवंडला. "माज्या घरातनं? कोन? नाव सांगा! नाव सांगा म्हन्तो!"

इंदिराबाईंनी तोंड उघडलं, पण त्यांना ते नाव उच्चारवेना. आयुष्यात पहिल्यांदाच खरं बोलणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"म्या."

पायऱ्यांवरून बयाबाई उठल्या. पदर सारखा करत त्या सरळ मंडपात आल्या, जिथे बायका कधी येत नसत.

"म्या ठेवला. कातळाची वटी भराया गेले तवा वटीतनंच नेला. पोरीला ठावं न्हाई. ती वर गेली व्हती, उदबत्ती इसरलेली आनाया."

"तू?" कोंडाजींचा हात उगारला गेला. सत्यमनं तो मधेच धरला. बापाचा हात धरायची त्याची ही पहिलीच वेळ होती, आणि तो स्वतःच पांढराफटक पडला होता.

"मारा की. आजवर मारलंच हाय," बयाबाई म्हणाल्या. "भावाचं खाचर खाल्लंत. भावाचं पोरगं औशिदाबिगर गेलं, तुमी गाडी दिली न्हाई. आन त्याच भावाच्या सोन्याम्होरं रोज सकाळी हात जोडून बसत व्हतात. मला हसाया बी यायचं आन रडाया बी."

कोंडाजी धपकन खाली बसले. मग एकदम मान वर केली. "शपत खोटी! कपट झालंय! दस्त व्हनार न्हाई!"

"कपट तुमच्या घरातनं झालं, तिच्या न्हाई," भावकीतला एक म्हातारा खेकसला. "भंडार तुमी उचलला. सोनं निघो न्हाईतर माती, आसं तुमीच बोललात. आमी सगळे हितंच व्हतो. आता नाथाम्होरं फिरता व्हय?"

कोंडाजींनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. एकही तोंड त्यांच्या बाजूचं नव्हतं. इतकी वर्षं त्यांना भिऊन असलेली माणसं आता मजा बघत होती.

"मंग माज्या देव्हाऱ्यात काय हाय?" त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"माळाचा धोंडा. हिरीतनं निघालेला. रिकामी वटी घेऊन कशी येऊ, म्हनून त्योच घेऊन आले. इतकं दिस त्येच्याच पाया पडताय. आता माळ बी तुमचाच झाला."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

इंदिराबाईंनी गारगोटी उचलून राजेश्वरीच्या हातात दिली. तिनं ती घेतली, उलटसुलट करून पाहिली. आभाराचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, आणि इंदिराबाईंना तो नकोही होता. दगड बाहेरचा आहे एवढंच सांगून आपण परवा निघून गेलो असतो, तर ही पोर आज बेड्यांत असती, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

दुपारी वडगावला दस्त झाला. कोंडाजींनी अंगठा दिला, कुणाकडे न बघता.

कचेरीच्या आवारात ते गाडीपाशी थांबले आणि पाठमोरेच म्हणाले, "चल घरी."

बयाबाई राजेश्वरीच्या मागोमाग एस.टी. स्टँडकडे निघाल्या होत्या. त्या वळल्यासुद्धा नाहीत.

"त्या घरात आता माजा देव न्हाई," त्या म्हणाल्या.

राजेश्वरी चार पावलं पुढे जाऊन थांबली. "चला आत्याबाई," ती करवादली. "एस.टी. चुकंल."